रूपांतर की वेषांतर?

एखाद्या रूपांतराची तारीफ करताना 'यात मूळचे काहीही गाळलेले नाही' असे म्हणण्याची जी चाल पडली आहे, ती जमाखर्चाच्या वहीस शोभेल. कलाकृतीस ती शोभत नाही. वहीत एखादी रकम गळली तर मुनीम दोषी ठरतो. रूपांतरात एकही रकम गळली नाही, तर मात्र रूपांतरकाराने आपले काम हाती घेतलेच नाही, असा संशय घ्यावा लागतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स' या अद्भुत कादंबरीवरून सजविलेल्या चित्रकथेचा पहिला अंक २०११ च्या सप्टेंबरात डायनामाइट एंटरटेनमेंट या संस्थेने प्रसिद्ध केला. २०१४ पर्यंत असे चोवीस अंक निघून ती कादंबरी पुरी झाली. पुढे त्यांचे चार बांधीव खंड झाले, आणि आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या घरांतही त्यांचा शिरकाव झाला आहे. या मालिकेच्या पहिल्या अंकाविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि ते फारसे गोड नाहीत.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आम्ही चित्रकथेवर उठलेलो नाही. चित्रांतून सांगितलेली गोष्ट म्हणजे पोरांचा खाऊ, किंवा अक्षरशत्रूंची सोय, असे मानणारी विद्वान मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. कॉलेजातील आमच्या काही व्यवसायबंधूंस तर अशा पुस्तकाला हात लावणे हेही पदवीला बाध आणणारे वाटते. त्यांतील संस्कृतज्ञ मम्मटाचा दाखला देतात. काव्याच्या तीन प्रतींत 'चित्र' सर्वांत खालची, हे त्याने सांगून ठेवले आहे, असे ते म्हणतात. परंतु मम्मटाचे चित्र म्हणजे रंगरेषांचे चित्र नव्हे. ज्या काव्यात व्यंग्यार्थ जाणवतच नाही, जे सारे शब्दांच्या किंवा अर्थाच्या वरवरच्या चमत्कृतीवर उभे असते, त्याला त्याने ते नाव दिले आहे. हा अर्थ ध्यानी घेतला तर चित्रकथेलाही तीच कसोटी लावता येते, आणि लावलीही पाहिजे: हिच्यात सुचविलेले काही आहे काय, की जे आहे ते सारे दाखवूनच टाकले आहे? आमचा आक्षेप अंकात चित्रे आहेत म्हणून नाही. ती चित्रे काहीच सुचवीत नाहीत, म्हणून तो आहे.

खुद्द मार्टिन चित्रकथांवर पोसलेला लेखक आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. शाळकरी वयात त्याने 'फँटॅस्टिक फोर' या नियतकालिकास लिहिलेले पत्र १९६३ साली छापून आले. छापील पानावरील त्याचे पहिले शब्द तेच. तेव्हा थोर साहित्याला कोण्या हलक्या धंद्याने बाटविले, अशी हाकाटी या प्रकरणी करता येत नाही.

आता कादंबरीकडे वळू. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' नावाच्या मालिकेतील ही पहिली. ती १९९६ साली निघाली. त्यानंतर १९९८, २०००, २००५ आणि २०११ असे आणखी चार भाग आले, आणि सहाव्याची वाट पाहता पाहता वाचकांची वर्षांमागून वर्षे गेली. मार्टिनने त्याआधी दूरचित्रवाणीसाठी लेखन केले होते. तेथील खर्चाच्या आणि वेळेच्या मर्यादांना विटून त्याने कागदावर, जेथे हजार घोडेस्वारांना एकाइतकीच शाई लागते, हा संसार मांडला. पण या कादंबरीचे मर्म तिच्या विस्तारात नाही. ते तिच्या बांधणीत आहे. प्रस्तावनेचे प्रकरण धरून तिची त्र्याहत्तर प्रकरणे आहेत, आणि प्रस्तावना व एकंदर आठ माणसे यांत ती वाटली गेली आहेत. ज्याचे प्रकरण त्याचे नाव मथळ्यावर, आणि त्या प्रकरणात त्याच्या डोळ्यांना जे दिसते, त्याच्या मनाला जे ठाऊक असते, तेवढेच वाचकास मिळते. सर्वज्ञ निवेदक येथे नाही. सात वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात वाचकही सात वर्षांचा होतो, आणि मोठ्यांच्या बोलण्यातील अर्धे त्याच्या डोक्यावरून जाते.

रूपांतरकार डॅनियल अब्राहम हा काही भाडोत्री लेखनिक नव्हे. तो स्वतः नावाजलेला कादंबरीकार आहे. त्याची चार भागांची 'लाँग प्राइस' ही मालिका या अंकापूर्वीच पुरी झाली होती. मार्टिनच्या 'फीव्हर ड्रीम' या कादंबरीचे चित्ररूपही त्यानेच केले होते. चित्रकार टॉमी पॅटर्सन याची रेषा स्वच्छ आहे, हात मेहनती आहे. मुखपृष्ठ तर अलेक्स रॉससारख्या मातब्बर चित्रकाराचे. इतकी गुणी मंडळी एकत्र येऊनही अंक कोरडा राहतो, याचे कारण गुणांच्या अभावात सापडावयाचे नाही. ते धोरणात शोधले पाहिजे. धोरण असे दिसते की, कादंबरीतील प्रसंग क्रमाने घ्यावेत, संवाद शक्य तितके तेच ठेवावेत, आणि उरलेले वर्णन चित्रकाराच्या हवाली करावे. हे वरवर पाहता निरुपद्रवी आहे. त्याने काय होते, ते एका उदाहरणाने दाखवितो.

कादंबरीच्या प्रस्तावनेत बर्फाच्या प्रचंड भिंतीपलीकडे गेलेले तीन पहारेकरी आहेत. त्यांपैकी गॅरेड नावाचा म्हातारा एका ठिकाणी डोक्यावरची टोपी मागे सारून आपले थंडीने झडून गेलेले कान दाखवितो. हाताची करंगळीही तशीच गेलेली. पुढल्याच प्रकरणात ब्रॅन हा सात वर्षांचा मुलगा आपल्या बापाबरोबर एका पळून आलेल्या पहारेकऱ्याचा शिरच्छेद पाहावयास जातो. त्या कैद्याचे नाव प्रकरणात कोठेही नाही. ब्रॅनला दिसते ते एवढेच की, त्याला कान नाहीत आणि हाताचे एक बोट नाही. बस्स. बापाला ठाऊक नाही, मुलाला ठाऊक नाही. या माणसाने काय पाहिले, कशाला भिऊन तो पळाला, हे त्या साऱ्या जमावात कोणालाच ठाऊक नाही. ठाऊक आहे ते फक्त वाचकाला, आणि तेही त्याने मागल्या प्रकरणातील कान आठवणीत ठेवले असतील तर! न्यायनिष्ठुर, सज्जन एडर्ड स्टार्क खड्ग उचलतो, आणि येऊ घातलेल्या संकटाचा एकमेव साक्षीदार आपल्या हाताने संपवितो. वाचकाच्या मनात तेव्हा जो चरका बसतो, तो त्याने स्वतः मिळविलेला असतो. लेखकाने तो हातावर ठेवलेला नसतो.

हेच चित्रात आणून पाहा. प्रस्तावनेत म्हाताऱ्याचा चेहरा रंगवला, आणि काही पानांनंतर तोच चेहरा ओंडक्यावर ठेवलेला रंगवला, की ओळख डोळ्यांनीच पटते. मनाला काही करावयास उरत नाही. कान आठवण्याचे कामच नाहीसे होते. आणि आठवण्याचे काम गेले की चरकाही गेला. प्रसंग तोच, क्रम तोच, शब्दही तेच. हिशेबात एक पैची चूक नाही. पण ज्यासाठी तो प्रसंग लिहिला होता ते मात्र सांडले. रूपांतरकाराला येथे वाट नव्हती असे नाही. प्रस्तावनेभर म्हाताऱ्याचे तोंड टोपीच्या सावलीत ठेवावयाचे आणि त्याचा बोट गेलेला हात तेवढा दाखवावयाचा. पुढे ओंडक्यापाशी पुन्हा तो हातच पुढे आणावयाचा. म्हणजे चित्रकथेच्या वाचकालाही मागली पाने उलटून पाहण्याची बुद्धी झाली असती. हा बदल केला असता तर तो मुळापासून ढळला, अशी ओरड काही भक्तांनी केली असती. आमच्या मते तोच मुळाला अधिक धरून झाला असता.

चित्रकला आणि काव्यकला यांचा हा भाऊबंदकीचा वाद जुना आहे. जर्मन टीकाकार लेसिंग याने १७६६ साली आपल्या 'लाओकोऊन' या निबंधात त्याची वाटणी करून दिली: चित्राचा प्रांत एकाच वेळी शेजारी शेजारी नांदणाऱ्या वस्तूंचा, काव्याचा प्रांत एकामागून एक घडणाऱ्या क्रियांचा. चित्रकथेत अनेक चित्रे ओळीने येत असल्यामुळे ही वाटणी तिला जशीच्या तशी लागू पडत नाही, हे खरे. तथापि त्याच निबंधात तिमांथिस या ग्रीक चित्रकाराची जी हकीकत आली आहे, ती प्रत्येक चित्रकथाकाराने पाठ करून ठेवावी अशी आहे. इफिजिनियाच्या बळीचे चित्र काढताना तिमांथिसने भोवतालच्या प्रत्येकाचे दुःख चेहऱ्यावर रंगविले, आणि बापाचा, अगमेम्नॉनचा, चेहरा मात्र वस्त्राने झाकून टाकला. काय झाकावे हे ज्याला कळते त्यालाच काय दाखवावे हे कळते. प्रस्तावनेच्या अखेरीस अंधाऱ्या रानातून जी अमानुष माणसे येतात, ती कादंबरीत एक पहारेकरी झाडावर चढून, श्वास रोखून, वरून पाहतो. त्यांच्या अंगावरील कवच हालचालीबरोबर रंग पालटते, म्हणजे तेही धड दिसत नाही. खाली आपल्या नायकाचा जीव जात असता त्याला हाक मारण्याचे धैर्य त्या पहारेकऱ्याला होत नाही. प्रकरणातील भय आहे ते या गिळलेल्या हाकेत. चित्रात ती माणसे स्पष्ट आणि रेखीव उभी राहिली की ती दुसऱ्या कोणत्याही भूतासारखी एक भुते होतात. पॅटर्सनची रेषा अमेरिकेतील महापराक्रमी नायकांच्या चित्रकथांत मुरलेली आहे. त्या कथांत झाकण्याची परंपराच नाही. स्नायू, शस्त्र, घाव, सारे दिव्याखाली आणावयाचे, अशी तेथील शिस्त. ती येथे नडते.

जेथे चित्राला शब्दापेक्षा अधिक साधते असे प्रसंगही या आरंभीच्या भागात आहेत, हे न सांगणे अन्यायाचे होईल. विंटरफेलच्या देवराईतील ते झाड पाहा: पांढरे खोड, तांबडी पाने, खोडावर कोरलेला चेहरा. कादंबरीकाराला ते ओळींमागून ओळी लिहून उभे करावे लागते. चित्रकार ते एका दृष्टिक्षेपात देतो. (त्या झाडाखाली पंधरा वर्षांच्या संसारानंतरही आपण परकीच आहो, असे कॅटलिनला वाटते. हे वाटणे चित्रात कसे आणावे हा प्रश्न उरतोच. पण तो सोडून देऊ.) दुसरा प्रसंग त्या मेलेल्या लांडगीचा. शिरच्छेद आटोपून परतताना बर्फात एक प्रचंड लांडगी मरून पडलेली आढळते. तिच्या गळ्यात सांबराचे तुटके शिंग रुतलेले असते, आणि भोवती तिची पिले. लांडगा हे स्टार्क घराण्याचे चिन्ह, मुकुटधारी सांबर हे राजाच्या घराण्याचे. कादंबरीत शिंग दिसताच माणसे गप्प होतात. अर्थ कोणी उघडून सांगत नाही. ही तर चित्रानेच सांगावयाची गोष्ट! एक चौकट, तीत ते शिंग, आणि शब्द एकही नाही, एवढ्याने भागते. अशा जागी या अंकात जी थोडी जान येते, तीच दाखवून देते की साधन दुबळे नाही.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून गंभीर आहे. समुद्रापलीकडे, पेंटॉस शहरात, पदच्युत राजवंशातील दोन भावंडे एका धनिकाच्या आश्रयास आहेत. भाऊ व्हिसेरिस याला गेलेले राज्य परत हवे. त्यासाठी सैन्य हवे. आणि सैन्य मिळावे म्हणून तो आपली तेरा वर्षांची बहीण डेनेरिस हिला एका टोळीच्या सरदारास देऊ करतो. तिला न्हाऊ घालतात, सजवितात, आणि सौदा पटावा म्हणून त्याच्यासमोर उभी करतात. कादंबरीत हे प्रकरण डेनेरिसच्या नावाचे आहे, म्हणजे ते तिच्या कातडीच्या आतून सांगितलेले आहे. भावाच्या संतापाची तिला वाटणारी धास्ती, आणि लहानपणी जेथे ती सुखात राहिली त्या घराच्या तांबड्या दाराची आठवण, हे सारे वाचकाला तिच्यापासून मिळते. जगाने तिच्याकडे माल म्हणून पाहिले, तरी वाचक तिच्याकडे पाहत नाही. तो तिच्यातून बाहेर पाहतो. त्या प्रसंगाची नीती सारी या एका योजनेवर तोललेली आहे.

चित्रात काय होते? चित्राला कोठून तरी पाहावे लागते. मुलगी चौकटीच्या मध्यभागी उभी केली की पाहणारा आपोआप तिच्यासमोर जाऊन उभा राहतो, आणि समोर कोण उभे आहे? गिऱ्हाईक. म्हणजे कादंबरीने ज्या वाचकाला पीडितेच्या जागी बसविले होते, त्याला चित्रकथा खरेदीदाराच्या रांगेत आणून बसविते. एकही वाक्य न बदलता प्रसंगाची बाजू पालटते. चित्रकाराचा हेतू शुद्ध आहे, असे कोणी सांगेल. तो शुद्धच आहे असे आम्हीही धरून चालतो. पण हेतूने कोन बदलत नाही. शब्द आणि चित्र यांतील हा भेद कायद्यालाही ओळखावा लागला आहे. अमेरिकेत २००३ साली झालेल्या 'प्रोटेक्ट' कायद्याने अल्पवयीनांच्या अश्लील चित्रणावर, ते नुसते हाताने काढलेले असले तरी, बंधन घातले. त्या कलमाचा रोख दृश्य चित्रणावर आहे. लिहिलेल्या शब्दावर नाही. जे भेद वकिलांना उमगतात ते कलावंतांनी दुर्लक्षावेत काय? या प्रकरणातील चौकटी मुलीच्या डोळ्यांनी काढता आल्या असत्या: भावाचे जवळ आलेले तोंड, अनोळखी हात, दिव्यांनी लखलखणारी दिवाणखान्याची वाट, आणि मध्येच, कोणत्याही खुलाशाशिवाय, एक तांबडे दार. तिचा स्वतःचा चेहरा पानोपानी दिसण्याची गरज नव्हती. पण मग मुखड्यांचे सौंदर्य दाखविण्याची संधी गेली असती, आणि बाजाराला मुखडे लागतात.

यावर दोन उत्तरे दिली जातील. पहिले असे की, हा तर पहिलाच अंक. पुढे हात बसतो. आम्हांस हे मान्य नाही. पहिल्या अंकात लेखक वाचकाशी करार करतो: मी तुझ्याकडून काय मागेन, आणि तुला काय देईन. येथे करार झाला तो असा की, तू काही करू नकोस, आम्ही सर्व दाखवितो. तो एकदा झाला की पुढले तेवीस अंक त्यास बांधले जातात. दुसरे उत्तर व्यवहाराचे: जे लक्षावधी वाचक कादंबरीवर प्रेम करतात त्यांना फेरबदल खपत नाहीत. खपत नसतील, पण तंतोतंतपणाचा हा हव्यास व्यवहारातही फारसा टिकत नाही, हे आकडेच सांगतात. रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम' मालिकेतील मुख्य कादंबऱ्या चौदा. पैकी पहिलीचे चित्ररूप २०१० च्या सुमारास सुरू झाले, त्याला पस्तीसएक अंक लागले, आणि गाडी तेथेच थांबली. त्या हिशेबाने सगळी मालिका पुरी करावयास चाळीसएक वर्षे लागतात! मार्टिनची दुसरी कादंबरी २०१७ साली चित्रांत येऊ लागली, तेव्हा रूपांतरकार आणि चित्रकार दोघेही बदललेले होते.

उलट बाजूचे उदाहरण हवे असेल तर इंग्रज लेखक मायकेल मूरकॉक याच्या एल्रिक-कथांचे घ्यावे. १९८३-८४ मध्ये पॅसिफिक कॉमिक्सने 'एल्रिक ऑफ मेल्निबोने'चे सहा अंक काढले, पी. क्रेग रसेल हा त्याच्या चित्रकारांपैकी एक. त्याच रसेलने १९९७ साली 'स्टॉर्मब्रिंगर' स्वतः रूपांतरित करून स्वतःच चितारले. त्याच्या पानांवर चौकटींची मांडणीच कथेच्या लयीबरोबर बदलते. कोठे पान एका आकृतीने भरून जाते, कोठे चौकटी बारीक होत होत पट्ट्यांसारख्या उतरतात. वाचकाला थांबावे लागते, मागे जावे लागते, दोन चौकटींमधील कोऱ्या जागेत काय घडले ते स्वतः भरावे लागते. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ च्या आपल्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या ग्रंथात (तोही चित्रांतच लिहिलेला आहे) या कोऱ्या जागेलाच चित्रकथेचे मर्मस्थान ठरविले आहे, ते उगाच नव्हे. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरून कथा गातात. तेथेही चित्र एक गोष्ट करते आणि गळा दुसरी. दोघांनी एकच गोष्ट दोनदा सांगावयाची, हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. आणि रूपांतर म्हणजे काय, हे तर मराठी वाचकाला शिकवावयास नको. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' १८९० साली केला तेव्हा त्यांनी व्हेनिस शहर ओझ्यासारखे डोक्यावर वाहून आणले नाही.

आता ज्या घरांत हे खंड आले आहेत, त्यांच्याशी दोन शब्द. 'अमर चित्र कथा' १९६७ साली निघाल्यापासून आपल्या मध्यमवर्गात अशी समजूत रुजली आहे की, चित्रांचे पुस्तक म्हणजे मुलांचे पुस्तक. त्या समजुतीने हे खंड दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या वाढदिवसाला दिले जाण्याचा संभव आहे. देऊ नयेत. हे लेखन प्रौढांसाठी आहे. आणि वर सांगितलेला पेंटॉसचा प्रसंग मुलाने कादंबरीत वाचला तर त्याला त्या मुलीची कणव येण्याची आशा तरी आहे, या चित्रांत पाहिला तर तीही नाही. मोठ्या मुलांनी कादंबरी आधी वाचावी. चित्रकथा नंतर हाती घ्यावी, आणि घेतली की प्रस्तावनेतील त्या म्हाताऱ्याच्या चौकटीपाशी थांबून आईबापांनी मुलास एवढेच विचारावे: याचे कान तू पुस्तकात कोठे पाहिलेस?